गौराक्का आणि गाडीतला सिनेमा

आमच्या कॉलनीत हेवा सगळेच करतात. तो तोंडावर सांगायची रीत मात्र एकट्या गौराक्कांची होती.

पाचगावच्या अलीकडे उसाची शेतं मोडून प्लॉट पडले, त्यात आम्ही घर बांधलं. वास्तुशांतीला शेजारपाजारच्या बायका आल्या, "हवेशीर आहे हो घर" म्हणाल्या आणि जेवून गेल्या. गौराक्का सगळ्यांच्या मागून आल्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, कपाळाला विभूती, गळ्यात दोऱ्याला लिंगाची चांदीची डबी. त्यांनी सबंध घर फिरून पाहिलं, स्वयंपाकघरातल्या मोठ्या खिडकीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही खिडकी बघून माझं पोट दुखाय लागलं."

मला वाटलं खरंच दुखतंय. मी पाणी आणायला वळले.

"तसं न्हाय गं. हेवा वाटाय लागला. आमच्या घरात शेगडीम्होरं भिंत हाय. जलमभर भितीकडं तोंड करून भाकरी थापटली. आत्ताच सांगून टाकतो, म्हंजे उद्या तुझ्याशी बोलताना मन सरळ राहील."

आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्या 'मी आलो, मी गेलो, मी सांगतो' असंच बोलायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन त्या आल्या, त्या खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि चहा होईपर्यंत बाहेर बघत बसल्या. पुढं ती खुर्ची त्यांचीच झाली. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अक्का गेल्या. खुर्ची अजून तिथंच आहे.

अक्का मूळच्या संकेश्वरकडच्या, दिलेल्या नेसरीत. घरात कानडी-मराठी मिसळून चालायचं. यजमान, म्हणजे कॉलनीचे अण्णा, शिरोलीच्या एका फौंड्रीतून रिटायर झालेले. मुलगा बेंगळुरूला. घरात दोघंच. त्यामुळे अक्कांचा बराचसा दिवस दुसऱ्यांच्या दारात जायचा आणि जिथं जायच्या तिथं त्यांना हेवा करण्याजोगं काहीतरी सापडायचंच. कुणाच्या तुळशीला मंजिऱ्या जास्त, कुणाच्या सुनेचा आवाज गोड, कुणाच्या नवऱ्याला न सांगता भाजी निवडता येते. सापडलं की त्या लगेच सांगायच्या. सांगून झालं की चेहरा असा मोकळा व्हायचा, की समोरच्याला राग धरायला जागाच उरायची नाही.

पलीकडच्या विमलबाईंनी सुनेला स्कूटी घेतली तेव्हाची गोष्ट. आम्ही बायका पेढे खायला गेलो होतो. अक्कांनी पेढा तोंडात टाकला, खाऊन संपवला आणि म्हणाल्या, "विमलबाई, तुमी सुनंला गाडी घेतला, माझं काळीज जळालं बघा. माझ्या सासूनं माझ्या हातात म्हशीचं दावं दिलतं."

विमलबाईंना हसावं की काय कळेना. सून मात्र हसली आणि म्हणाली, "अक्का, या की, तुम्हाला शिकवते." तिनं सहज म्हटलं होतं. अक्का दुसऱ्या दिवशी साडीचा पदर खोचून रिकाम्या प्लॉटवर हजर. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी त्या स्कूटीसकट कुंपणाच्या तारेत गेल्या. मग हात गळ्यात बांधून दारात बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "पडलो. पण चालवलो."

माझ्या मागून बँकेत लागलेली बाई माझ्या आधी मॅनेजर झाली तेव्हा मी हसून तिचं अभिनंदन केलं होतं आणि आठवडाभर आतल्या आत धुमसत राहिले होते. अक्कांना जमायचं ते मला कधी जमलं नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा तो ह्याचाच.

अण्णा अगदी उलट. सडपातळ, हळू बोलणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. संध्याकाळी घरापुढच्या कट्ट्यावर बसायचे. त्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, आणि ती त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येकाला, पाहुण्यांना, गॅसवाल्याला आणि मीटर बघायला येणाऱ्याला सांगितली होती. सुरुवात ठरलेली. "आमी अहमदाबादला असताना..."

लग्नानंतर लगेचच अण्णा तिकडे एका कारखान्यात कामाला गेले होते. काही वर्षं राहिले. तिथं शहराबाहेर मोकळ्या माळावर गाडीत बसून बघायचं थेटर होतं. कारखान्याचा शेट दिलदार होता, शनिवारी आपली जुनी फियाट कामाच्या पोरांना द्यायचा. गाडीत मावतील तेवढी पोरं कोंबून हे लोक सिनेमाला जायचे.

"तीन मजली घर असतंय न्हवं, तेवढा पडदा," अण्णा दोन्ही हात पसरून सांगायचे. "आन् जमीन सपाट न्हाय. वरंबं घातल्यागत. का? तर गाडीचं नाक वर ऱ्हायला पायजे, मागच्याला पडदा दिसला पायजे. प्रत्येक गाडीपाशी एक खांब. खांबाला स्पीकर. तो काढायचा आन् काचंला अडकवायचा. पाऊस आला तर वायपर चालू करायचा आन् सिनेमा बघायचा."

हे वायपरचं सांगताना अण्णांचा हात आपोआप डावी-उजवीकडे फिरायचा. मग लोक टपावर कसे बसायचे, बायका घरून डबे कशा आणायच्या, पोरं डिकीत गादी टाकून कशी झोपायची, हे सगळं यायचं. आपल्याकडं रंकाळ्यावर लोक येतात तसे तिथं सगळं घर घेऊन लोक यायचे, असं ते म्हणायचे. त्या माणसाच्या आवाजात एरवी कधी नसलेली धग तेवढ्यापुरती यायची.

आणि तेवढ्यापुरत्या अक्का आत जायच्या. आतून भांड्यांचा आवाज यायचा. मला बरेच दिवस वाटत होतं, तीच ती गोष्ट ऐकून त्या कंटाळल्या असणार.

एका उन्हाळ्यात आम्ही दोघी त्यांच्या गच्चीवर सांडगे घालत होतो. खाली कट्ट्यावर अण्णांनी कुणा पाहुण्याला धरलं होतं. 'वरंबं घातल्यागत' इथंपर्यंत गोष्ट आली होती. मी हसून म्हटलं, "अक्का, तुम्हाला पाठ झाली असेल आता."

अक्का हसल्या नाहीत. पिठाचा हात तसाच धरून म्हणाल्या, "हे तिकडं वायपर लावून सिनेमा बघत हुते तवा मी नेसरीत मिरच्या तोडत हुतो. हात असं भगभगायचं की रातचं मडक्याला लावून बसायचो. दिवाळीला हे यायचे. सोप्यात सगळ्यास्नी सांगायचे, दिरास्नी, सासऱ्यास्नी, शेजारच्यास्नी. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. मला एकटीला बसून कधी सांगितलं न्हाय."

"मग त्यांना म्हणायचं नाही का? सगळ्यांना तोंडावर सांगता."

"सगळ्याचं सांगतो. ह्येचं न्हाय सांगत."

"का?"

"सांगितलो तर वाईट वाटंल त्यास्नी. बोलायचं बंद करतील. मग मला कळायचं कसं, काय काय बघितलं ते?" मग पुन्हा सांडगे घालायला लागल्या. "भांडी आपटतो, पण कान भाईरच असतोय माझा."

त्यानंतर आत भांडी वाजली की मला वेगळं ऐकू यायला लागलं.

अण्णांना ह्यातलं काही ठाऊक नसावं. पण त्यांनी एकदा स्वतःहून प्रयत्न केला. रिटायर झाल्यावर त्यांनी सेकंडहँड मारुती घेतली. त्या वर्षी गणपतीत मंडळानं मोकळ्या प्लॉटवर पडदा बांधून सिनेमा दाखवायचा ठरवला, तेव्हा अण्णांनी दुपारीच गाडी नेऊन पडद्यासमोर लावली, पुढच्या चाकांखाली विटा सारून नाक वर केलं आणि अक्कांना म्हणाले, "चल, तुला अहमदाबाद दाखवतो." अक्कांनी ठेवणीतली साडी नेसली. भडंग केलं. सिनेमा सुरू व्हायच्या आत गाडीत पाठीमागं विमलबाई, त्यांची नणंद आणि नातवंडं, पुढं गुडघे दुखणारे एक आजोबा आणि बॉनेटवर गल्लीतली सगळी पोरं. अण्णांना कुणाला नको म्हणवेना. अक्का गाडीबाहेर उभ्या राहून कागदाच्या पुड्यांतून भडंग वाटत होत्या. सिनेमा संपला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हिरो मेला का ऱ्हायला?"

मग आली ती बायकांची गुजरातची ट्रिप. सोमनाथ, द्वारका, परतताना अहमदाबाद. अक्कांनी सगळ्यांत आधी नाव दिलं. वाटेत देवळांतून त्या हात जोडायच्या आणि बाहेर यायच्या, मन कुठं लागत नव्हतं. अहमदाबादला संध्याकाळी बाकीच्या बायका साड्या घ्यायला निघाल्या तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "सुनंदा, तू माझ्यासंगं चल."

रस्त्यावर येऊन त्यांनी रिक्षा थांबवली. "वो गाडी में बैठके सिनेमा देखते की नई, उदर जाना हय."

रिक्षावाला पन्नाशीचा, शांत माणूस होता. तो म्हणाला, ते थेटर अजून चालू आहे, पण तुमच्याकडे गाडी कुठं आहे? अक्कांनी त्याच्या रिक्षेवर थाप मारली. "ये गाडी नई तो क्या हय?"

फाटकावरच्या माणसानं आधी आमच्याकडे, मग रिक्षेकडे पाहिलं. रिक्षावाला त्याच्याशी गुजरातीत काहीतरी बोलला, हसला, तोही हसला आणि आम्ही रिक्षेतून आत गेलो. दोन मोठ्या गाड्यांच्या मधे आमची रिक्षा उभी राहिली. पडदा खरोखरच अण्णा सांगायचे तेवढा होता. लोकांनी गाड्यांपुढं सतरंज्या अंथरल्या होत्या, डबे उघडले होते. एक म्हातारा-म्हातारी घडीच्या खुर्च्या टाकून एकाच ताटलीत खात होती.

सिनेमा सुरू झाला. मी पडद्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, अक्का तिकडे बघतच नाहीत. त्या रिक्षेतून बाहेर डोकं काढून माणसं बघत होत्या. एकेक गाडी, एकेक सतरंजी. डोळे भरले होते.

"काय झालं?"

"किती माणसं येतात गं," त्या म्हणाल्या. "बायका, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. सगळ्यांची सोय हाय. ह्येवढ्यात मी एक कुठंबी मावलो असतो."

मी पडद्यावरची नजर काढली आणि त्यांच्यासारखी माणसं बघायला लागले.

परत आल्यावर मात्र अक्का पार बदलल्या. त्यांच्याकडे आता स्वतःची गोष्ट होती. संध्याकाळी कट्ट्यावर त्या बसायला लागल्या. आलागेला थांबायचा आणि अक्का दणक्यात सुरू करायच्या. रिक्षा, फाटक, रिक्षावाला, म्हातारा-म्हातारी. सांगायची हातोटी त्यांची अण्णांपेक्षा कितीतरी चांगली. लोक पोट धरून हसायचे. अण्णा शेजारी बसून ऐकायचे आणि मधूनमधून दुरुस्ती करायचे.

"भोवतीनं शेतं हायत तिथं."

"शेतं कुठली ओ? मोठमोठ्या बिल्डिंगी हायत."

"स्पीकर खांबाला असतोय."

"खांब आमास्नी दिसला न्हाय. आता सगळं नवीन हाय. तुमचं ते जुनं झालं."

'तुमचं ते जुनं झालं' हे अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या त्या दिवशी मी तिथंच होते. अण्णा उठून आत गेले. थोड्या वेळानं परत दारात आले. मी एवढ्या वर्षांत त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही आवाज हळूच होता.

"मला का न्हाय नेलंस?"

"बायकांची ट्रिप हुती," अक्का म्हणाल्या.

"एक फोन करायचा हुतास. निघून आलो असतो मी. रातच्या गाडीनं आलो असतो. मला परत एकदा बघायचं हुतं ते."

अक्का म्हणाल्या, "आन् तवा तुमी मला बोलावलंतं?"

अण्णांनी खरंच, बहुतेक पहिल्यांदाच, त्या प्रश्नाकडे पाहिलं असावं. ते आत गेले आणि मी उठून घरी आले.

त्यानंतर अण्णांनी अहमदाबादचं नाव काढायचं सोडलं. कुणी मुद्दाम विचारलं तरी म्हणायचे, "हिला इचारा. ही बघून आलीया." कट्ट्यावर यायचे बंद झाले. घरात पेपर घेऊन बसायचे. दोनचार महिने अक्कांनी एकटीनं गोष्ट चालवली. मग त्यांचंही सांगणं उतरत गेलं.

एक दिवस त्या माझ्या खिडकीपाशी बसल्या होत्या. चहा गार झाला तरी कप उचलला नाही.

"सुनंदा, घरात लई शांत झालंय बघ. काल भांडी घासताना मी सवयीनं कान देत हुतो. भाईर काय आवाजच न्हाय. म्हातारा त्या एका गोष्टीवर जगत हुता. ती मी काढून घेतली."

"अहो, तुमचा हक्क होता तो."

"हुताच की. हक्काचं मिळालं. पण त्याचं गेलं न्हवं."

अक्का जायच्या आधी काही महिन्यांची गोष्ट. पेठ वडगावकडे जाताना हायवेच्या कडेला एक लॉन आहे, लग्नाचं. लगीनसराई नसते तेव्हा तिथं गाडीतून बघायचा सिनेमा सुरू करणार, अशी जाहिरात कॉलनीच्या ग्रुपवर आली. अक्का तो फोन घेऊन माझ्याकडे आल्या. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना अंधारात गाडी चालवता येत नव्हती. "तू चालवशील का?" मी हो म्हटलं. अण्णा नको नको म्हणत होते. अक्कांनी त्यांना शर्ट दिला, दाराला कुलूप लावलं आणि पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसल्या. मग ते काय करणार?

मी पुढं, ती दोघं मागं. आमच्या ह्यांनी टीव्हीवर मॅच आहे म्हणून येणं टाळलं होतं, त्यामुळे माझ्या शेजारची सीट मोकळी होती.

लॉनवर जेमतेम दहापंधरा गाड्या होत्या. पडदाही बेताचा. लॉनचे मालक स्वतः गाडीगाडीपाशी फिरत होते, पोट सुटलेला, गळ्यात जाड चेन घातलेला, बोलका माणूस. खिडकीत वाकून त्यांनी मला रेडिओवर कुठलं स्टेशन लावायचं ते सांगितलं. सिनेमाचा आवाज आता खांबावरून येत नाही, गाडीच्या रेडिओतच येतो. मी लावला. मग त्यांनी मागं पाहिलं आणि अक्कांना विचारलं, "काय आज्जी, ह्याच्या आदी असलं कधी बघितलंय का?"

मी आरशात बघितलं. आता रिक्षेची गोष्ट येणार, असं मला वाटलं. अण्णांनाही वाटलं असावं, त्यांनी तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं.

"मी कुठलं बघतोय ओ पावणं," अक्का म्हणाल्या. "ह्येनी बघितलंय. अहमदाबादला. मूळचं, खरं थेटर. ह्यास्नी इचारा."

"व्हय काय काका? कसं हुतं तिकडं?"

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का सरळ पुढं बघत होत्या, जणू त्यांना दुसरं काही ठाऊकच नाही. हेवा असो, राग असो, जे मनात ते तोंडावर, अशी ती बाई. तिनं सरळसरळ खोटं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"जमीन सपाट चालत न्हाय," अण्णा अडखळत म्हणाले. "तुमी सपाट ठेवलीसा. वरंबं पायजेत."

मालक दोन मिनिटं ऐकून पुढच्या गाडीकडे गेले. अण्णा थांबले. पडद्यावर नावं यायला लागली होती.

"वरंबं कशाला?" अक्कांनी विचारलं.

"कशाला म्हंजे? गाडीचं नाक वर ऱ्हायला पायजे."

"मग?"

मग अण्णा बोलायला लागले. फियाटचं, शेटचं, काचेला अडकवायच्या स्पीकरचं. नंतर जे आलं ते मीही कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा परत येताना गाडी बंद पडली आणि सगळ्यांनी ढकलत आणली. शेजारच्या गाडीतली एक म्हातारी बाई दर वेळी ह्यांना ढोकळा द्यायची आणि विचारायची, लग्न झालंय का, मग बायको कुठं आहे. "मी सांगायचो, गावाकडं हाय. ती म्हणायची, पुढच्या खेपंला घेऊन ये. मी हो म्हणायचो." मग म्हणाले, "खोली मिळत न्हवती गं. आन् मिळाल्यावर आईला इचारायचं धाडस झालं न्हाय."

अक्कांनी त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

समोर सिनेमा चालू होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि आरशातून नजर हलत नव्हती. शेजारच्या रिकाम्या सीटवर माझी पर्स होती. त्या क्षणी मला त्या दोघांबद्दल जे वाटत होतं, ते मी बोलून दाखवायला हवं होतं. माझ्यानं झालं नाही.

अण्णांचा आवाज बारीक, रेडिओचा मोठा. अक्का त्यांच्या तोंडापाशी कान नेऊन ऐकायचा प्रयत्न करत होत्या. मग त्या पुढं वाकल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुनंदा, सिनेमाचा आवाज जरा बंद कर गं. ह्येंचं काय ऐकू येईना झालंय."